डाव्या स्पीकरच्या तारा

काल पनवेलच्या बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगच्या राळेचा वास आला आणि नेऱ्याच्या फार्महाउसवरील ती दुपार आठवली. मेहुण्यांच्या उघड्या टपाच्या जुन्या मोटारीत मी स्टिरिओ बसवत होतो. उन्हात तापलेले चामडी आसन हाताला चटके देत होते. तेवढ्यात मेहुणे पाहुण्यांसमोर माझ्या ताईला म्हणाले, "नीट ऐक हं! माहेरी तुम्ही रेडिओसुद्धा शेजाऱ्यांचा ऐकायचात ना?"

सगळे हसले. ताई खाली मान घालून सरबताचे पेले गोळा करत राहिली.

मी विज्ञानाचा शिक्षक. दोनपैकी एकाच स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि डग्ग्याचा घुमारा विरून जातो. डाव्या स्पीकरच्या तारा मी स्टिरिओमागे शांतपणे उलट जोडल्या.

तेव्हा थोडे अपराधी वाटले होते. आता मुळीच वाटत नाही. मेहुण्यांनी तीनदा स्पीकर बदलले. परवाही विचारत होते, "मास्तर, घुमत का नाही हो?"

"गाडी उघडी आहे. आवाज उडून जातो," मी म्हणालो.

आत स्वयंपाकघरात, मी ताईला दिलेल्या रेडिओवर, डग्गा स्वच्छ घुमत होता.