मागे घेताना

हिमालयात लष्कराच्या एका सप्लाय कंपनीत आमची पोस्टिंग होती. मी नायक, गाडीचा कमांडर. ड्रायव्हर लान्स नायक मिलिंद. तो हुलसूरचा, मी कमलनगरचा; दोन्ही गावं सीमाभागातली, मराठी-कानडी दोन्ही बोलणारी. पहाटे चारला इंजिन गरम करायचं, पाचला निघायचं. चढावर मिलिंद ट्रकशी कानडीत बोलायचा. "बा तंगी, बा." ये गं धाकट्या बहिणी, ये. मराठी तिला कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी सहा चाळीसला पुढे दरड कोसळलेली दिसली. रेडिओवर ऑर्डर आली.

"रोड ब्लॉक्ड. गाडी मागे घ्या. ओव्हर."

"रॉजर."

गाडी मागे घेताना कमांडरने उतरून मागे उभं राहायचं, हाताने इशारा द्यायचा. नव्या पोरांना हे मीच शिकवत असे. मी दार उघडलं. वारा बोचरा होता.

"उतरायलास व्हय?" मिलिंद हसला. "इश्वास न्हाई का माझ्यावर?"

"हाय की," म्हणून मी दार लावून घेतलं.

गाडी मागे सरकली आणि मागचं उजवं चाक रस्त्याच्या कडेवरून सुटलं. मी डोंगराच्या बाजूला होतो. दार ढकलून बाहेर पडलो. मिलिंद ट्रकबरोबर खाली दरीत गेला.

मी उतरून इशारा देत होतो, तेवढ्यात कड ढासळली, असं मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगितलं. कागदावर शब्द आला, अपघात. आमच्याकडे बस कलंडली, बैल विहिरीत पडला, कुणाला शॉक लागला, की हाच शब्द. तो उच्चारला की पुढे कुणी काही विचारत नाही. अकरा वर्षं मलाही कुणी विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर जीप घेऊन हुलसूरला गेलो. मिलिंदचे वडील, अप्पा, अंगणात तूर पाखडत होते.

"अप्पा, तो अपघात नव्हता. मी खाली उतरलोच न्हाई. खोटं सांगितलं."

सूप थांबलं. "कामून उतरला न्हाईस?"

"थंडी होती. आन् त्यानं चेष्टा केली."

"करंलच. बैलगाडी मागं घेतानाबी कुणाला मागं उभं ऱ्हाऊ द्यायचा न्हाई." त्यांनी तुरीतला एक खडा वेचून टाकला. "मग अपघात न्हाई तर आता काय म्हणायचं त्याला?"

"चूक. माझी."

"तसंच म्हण." त्यांनी पुन्हा सूप उचललं. "जेवून जा. आन् त्याचं काय काय ते सांग. तिकडचं आमाला काईच ठावं न्हाई."

मी सांगत राहिलो. ट्रकशी तो काय बोलायचा, ते त्यांनी दोनदा म्हणायला लावलं.

निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. गल्ली अरुंद, जीप मागेच घ्यावी लागणार, आणि मागे उघडी नाली. मी जीप सुरू केली. आरशात अप्पा दिसले. काठी टेकत ते जीपच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"बा तंगी," ते म्हणाले. "बा."