सत्त्वातला तिखूर

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. सत्त्वाचा धंदा का बंद केला असं कुणी विचारलं, तर मी गुडघ्यांचं कारण द्यायचो. गुडघे आता दुखतात. तेव्हा ठणठणीत होते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास मी शाळेतून निवृत्त होऊन कारध्याच्या घरी बसलो. शिकवायला कुणी नाही म्हणून जीव कासावीस. शेजारच्या वहिनी गुळवेलीचं सत्त्व काढायच्या. कडुनिंबावर चढलेली, अंगठ्याएवढी जाड वेल ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी चोळून गाळायच्या. तळाशी पांढरा साका बसला की वरचं पाणी ओतून तो वाळवायचा. साका पुन्हा धुवायचा नाही, नाहीतर कडूपणा जातो. टोपलीभर वेलीतून जेमतेम वाटीभर निघे. ताप आला की अर्धा गाव त्यांच्याकडे चिमूटभर मागायला येई.

मला वेल ठेचता येत नव्हती, म्हणून मी संचालक झालो. लेबलं छापून आणली. त्यावर माझं नाव ठळक, वहिनींचं नव्हतंच. पुलापलीकडे भंडाऱ्यात एक वैद्य होते. त्यांना तापाच्या चूर्णासाठी सत्त्व हवं होतं. "महिन्यात दोन किलो जमेल?" त्यांनी विचारलं. मी चार म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "चार काहून म्हटलं, गुरुजी? वेल का तुमच्या शाळेतली पोरं हाये, हजेरी घेतली का हजर?"

निघालं अडीच किलो. उरलेल्याच्या जागी मी बाजारातून तिखूर आणला. तिखूर म्हणजे रानहळदीच्या कंदाचं पीठ, उपासाच्या लापशीचं. दिसायला थेट सत्त्व. दार लावून मी तो असा एकजीव केला की स्वतःचंच कौतुक वाटलं.

वैद्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. "गुरुजी, कडूपणा कुठं गेला?"

"बाईंनी जास्त धुतलं असेल," मी म्हणालो. जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या, त्याचा इतका उपयोग झाला.

माल परत आला. माझ्या आधी बातमी पूल ओलांडून गावात पोचली, आणि वहिनींच्या दारी येणाऱ्या बायका कमी झाल्या. एका दुपारी त्या माझ्या ओसरीवर आल्या. "मी दोनदा कधीच धुत नाही, गुरुजी. तुम्ही तं रोज पाहून राहिले होते. त्या वैद्याले सांगान ना?"

"सांगतो."

पुढे मी छत्री घेऊन निघालो की त्या दारातून विचारत, "आज सांगता का?" मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो. त्यांनी सत्त्व काढणं सोडलं. वेल निंबाच्या शेंड्यापर्यंत गेली.

मग मला ताप आला. त्याच वेलीचा काढा घेऊन वहिनी आल्या. मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. एक घोट घेतला.

"कडू हाये ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मी उरलेला काढा पिऊन टाकला, वाक्यासकट.

नंतर त्या लेकीकडे लाखांदूरला गेल्या. मी दोनदा एसटीत बसलो, दोनदा अर्ध्या वाटेवर उतरलो. तिसऱ्यांदा पोचलो ते त्यांच्या तेराव्याला. तिथेही लेकीला म्हणालो, वहिनींच्या हाताला गुण होता. म्हणायचं होतं ते एवढंच: वहिनी, तुम्ही जास्त धुतलं नव्हतं. तिखूर मी मिसळला होता. मला माफ करा.