बाबूच्या नखांना दुसरी कात्री

"ही नखं माझ्या हातची न्हाईत!"

"अगं, झिजली असतील."

"झिजलेलं नख गोल होतंय. ह्याच्या चिरफळ्या उडाल्यात. खरं सांग रेहाना, कुणाकडं गेलतीस?"

"माझं गुडघं मला जिन्यापातूर न्हेत न्हाईत, मी कुणाकडं जाऊ?"

"मग कुणाला तरी घरी बोलावलं असशील. मी शेवटची कापली तवा एकेक नख गुळगुळीत होतं का न्हाय?"

"होतं बाई, होतं. आक्का, च्या गार व्हायला लागलाय."

बाईनं मधेच चहाचा विषय काढला की समजावं, काहीतरी लपवतेय!

रेहाना माझी शेजारीण. राजारामपुरीतल्या आमच्या बोळात पस्तीस वर्षं भिंतीला भिंत लागून आहोत. मी ब्लाऊज शिवायचे तेव्हा ती हुक लावायची, हातशिलाई करायची. आता मी पोपटांची नखं कापते आणि ती पोपट धरते. बाबू हा तिचाच पोपट. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर तांबडा ठिपका. त्याच्या जातीचं नाव कॉकाटील, पण वाकड्या चोचीच्या सगळ्यांना आम्ही पोपटच म्हणतो.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळं माझं काम महिनाभर बंद होतं. डॉक्टरनं पिसं, धूळ, फोडणीचा धूर, सगळ्यावर बंदी घातली होती. महिन्यानं बाबूला पहिल्यांदा मांडीवर घेतला, तर एक नख तिरकं, एक तुटकं, एकाला कोपरा! चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला दुसरीची टीप लगेच ओळखू येते. नखाचंही तसंच.

नखं कापायला पाच मिनिटं लागतात. पण पोपट कधी एकटा येत नाही. मागनं त्याचा मालक येतो, आणि मालकाबरोबर किस्सा येतो. नखं केरात जातात, पोपट पिंजऱ्यात जातो, किस्सा माझ्याकडंच राहतो. नऊ वर्षांत एवढे साठलेत की आता पोपट नवा आला तरी किस्सा ओळखीचा निघतो.

रेहाना तोंड उघडेना, म्हणून मी एकेकाला मनात समोर उभं केलं. ही कात्री कुणाची?

पहिला संशय शिंदेवहिनींवर. त्यांच्याकडंही एक पोपट आहे. पण त्यांना नखं कापायला वार कुठला मिळणार? सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवारी त्या नृसिंहवाडीला जातात. शुक्रवार परत देवीचा, शनिवार मारुतीचा. मी म्हटलं, "बुधवारी आणा." तर म्हणाल्या, "बुधवारी दुकानातनं आणलाय त्याला. जन्मवार की!" रविवारी? "एक दिवस तर आराम नको का त्याला?"

तोवर त्या पोपटाची नखं एवढी वाढली की तो वहिनींच्या पदराला अडकून त्यांच्याबरोबर भाजी आणायला जायला लागला. भाजीवाली त्याला मिरची द्यायची.

शेवटी वहिनींनी रेहानाला विचारलं, "तुमच्यात कुठल्या वारी कापत्यात?"

"आमच्यात नख वाढलं की त्योच वार."

ते काही वहिनींना पटलं नाही. मग मी युक्ती केली. म्हटलं, "वहिनी, मी रोज एकच नख काढते. एका नखाला काय कुणी नखं कापणं म्हणत न्हाई." हे मात्र लगेच पटलं! पोपटाला नखं आठ. आठ दिवस त्या रोज पिंजरा घेऊन आल्या. त्यातला एक दिवस अमावस्या होती. त्या दिवशी मी अर्धंच कापलं.

हे काम मी शिकले कुठं, असं लोक विचारतात. कुठं नाही! चौथीत शाळा सुटली. ब्लाऊज शिकले ते माझ्या भावजयीचा जुना ब्लाऊज उसवून, तो परत जोडून. तिला अजून माहीत नाही. नखं शिकले ती बाबूला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकडं एकदा बघून. नखात तांबडी शीर असते, तिच्या अलीकडं थांबायचं, एवढीच ती विद्या. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांनी परत घेऊन या." मी म्हटलं, "आता कशाला? बघितलं की."

घरी येऊन अस्तराच्या कापडाची एक पिशवी शिवली. एक गळा आणि एकच बाही. गळ्यातनं डोकं बाहेर, बाहीतनं पाय बाहेर. पहिल्या पिशवीचा गळा जरा मोठा झाला होता, तर पोपट पुढच्या दारानं गेल्यासारखा निघून गेला. तेव्हापासून मी पोपटांची मापं घेते.

रक्ताचं म्हणाल तर नऊ वर्षांत कधी आलं नाही. गेल्या वर्षभरात तेवढं दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा चूक दुसऱ्याची होती. एकदा माझा मुलगा शिंकला. दुसऱ्यांदा लाईट गेली. म्हणजे गेली नव्हती, पण कमी झाली होती.

मुलगा शिंकला त्या दिवशीची गोष्ट. नखातनं थेंब आला. मी ओरडले, "हळद आणा, हळद!" मुलगा पळत गेला आणि डबा घेऊन पळत आला. मी चिमूट दाबून लावली. जरा वेळानं रेहाना म्हणाली, "आक्का, हळद तांबडी का दिसत्या?"

कांदा-लसूण चटणी होती! घरची, यंदाची, ब्याडगीबरोबर संकेश्वरी मिरची घातलेली.

आम्ही दोघी गार. आता हा पोपट जातोय! तर त्यानं पाय वर केला, चोच लावली, आणि चवीनं खायला सुरुवात केली. पक्ष्यांना तिखट लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाय धुवून काढला तर माझ्यावरच चिडला.

इकडं मुलानं त्याच हातानं डोळा पुसला होता. तो मोरीत तोंड धुवत अर्धा तास रडत होता. पोपटाचा मालक दारातनं आत आला आणि घाबरून म्हणाला, "गेला काय हो आमचा मिठू?"

दुसरा संशय माने सरांवर. सर गणिताचा क्लास घेतात, त्यामुळं आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटतं. पण सर आता माझ्या पायरीला येत नाहीत, आणि त्यांच्या हातात कात्री आली तर ते आधी कोन मोजतील. बाबूच्या नखांवर मोजल्याची खूण नव्हती.

सर का येत नाहीत तेही सांगते. त्यांचा पोपट आफ्रिकेचा, कागदपत्रांसकट आणलेला, आणि बोलणारा. सरांनी त्याला वर्षभर पाढे शिकवले. तो 'दोन' एवढंही बोलला नाही. माझ्याकडं तीनदा आला आणि एक वाक्य शिकून गेला. अगदी माझ्या आवाजात.

सरांच्या मेघाला बघायला पाव्हणे आले होते. मुलगा इंजिनिअर. पोह्यांची ताटली हातात घेतली, चमचा तोंडाजवळ नेला, आणि मागनं आवाज आला, "हलू नगंस मुडद्या, रगत निघंल!"

मुलगा तसाच थांबला. चमचा वर, तोंड उघडं. सर पिंजऱ्यावर टॉवेल टाकायला धावले, तर टॉवेलखालनं परत आवाज, "झालं, झालं, अजून एकच!"

सर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले आणि दारातनंच म्हणाले, "आक्का, तुम्ही माझ्या पोरीचं लग्न मोडलंत."

लग्न काही मोडलं नाही. त्याच महिन्यात ठरलं. मी मेघाला विचारलं, "एवढं होऊन तू त्याला हो कशी म्हटलीस गं?"

ती म्हणाली, "आक्का, हलू नको म्हटल्यावर तो खरंच हलला नाही. असा नवरा कुठं मिळतो?"

विषय निघालाय म्हणून सांगते, कोडोलीहून एक गृहस्थ आले होते. गाडीच्या हँडलला पिंजरा, पिंजऱ्यात आपला हिरवा रानपोपट.

मी म्हटलं, "पावणं, ह्यो घरात ठेवता येत न्हाय. कायदा हाय."

"आमच्याच उसातला हाय की!"

"ऊस तुमचा. पोपट सरकारचा. वन खात्याच्या ऑफिसात न्हेऊन द्या, ते बघतील सोडायचं."

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "देतो की. पण साहेबासमोर न्ह्यायचा, तर तेवढी नखं काढून द्या. बरं दिसतंय."

मी म्हटलं, "गुन्हा तुमचा हाय पावणं. तुमची नखं काढून देते, बसा!"

गाडी वन खात्याच्या ऑफिसाकडंच वळली. कोपऱ्यापर्यंत मी बघत उभी होते.

राहता राहिला बापू पैलवान. त्याच्याकडं लव्हबर्डची जोडी आहे. बापूची मान आणि डोकं वेगळं काढता येत नाही, आणि कुस्तीत कान असे मोडलेत की चष्मा लावायची सोय नाही. रेहाना एकदा लग्नाला गेली होती, म्हणून मी बापूला म्हटलं, "तूच धर."

त्याच्या पंज्यात तो पक्षी लिंबाएवढा दिसत होता. मी म्हटलं, "बापू, सैल धर. मानेला दोन बोटं, बाकी हात नुसता ठेवायचा. पोपटाची छाती दाबली की त्याला श्वास घेता येत न्हाय."

"मग?"

"मग काय? मरंल."

इथं माझं चुकलं. बापूचा हात उघडला तो मिटलाच नाही. पक्षी तळहातावर उभा राहिला, मनगटावरनं निघाला, दंड चढला, खांदा चढला, आणि मोडक्या कानावर बसून कान साफ करायला लागला. बापूनं डोळे मिटले. श्वास बंद. कपाळावरनं घाम सुटला.

पक्ष्याला थोड्या वेळानं कंटाळा आला. तो आपला आपण पिंजऱ्यात गेला, राळ्याचे दाणे खाल्ले, पाणी प्याला. बापू तसाच बसलेला. दहा मिनिटांनी ओठ न हलवता म्हणाला, "आक्का, गेला का त्यो?"

"गेला बापू. जेवून झोपला पण."

असा माणूस बाबूला हात लावणार? शक्य नाही!

म्हणजे कुणीच उरलं नाही. मी बाबूचा पाय परत डोळ्याजवळ धरला. नवीन डोळ्यानं आता मला त्याच्या बोटावरचे खवलेसुद्धा मोजता येत होते.

"शिंदेवहिनी न्हाईत. सर न्हाईत. बापू न्हाय. मग कोण, रेहाना?"

ती बाबूच्या तुऱ्यावरनं बोट फिरवत होती. म्हणाली, "मीच कापली."

मला हसूच आलं. "तू?"

"व्हय. तू पडून होतीस. नखं वाढलीती. कापली."

"आणि बाबूला धरलं कुणी?"

रेहानानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"एका हातानं धरलास, दुसऱ्या हातानं कापलीस? मला नऊ वर्षांत जमलं न्हाय, ते तुला पहिल्याच दिवशी जमलं?"

"न्हाय जमलं. म्हणून तर अशी झालीत."

हरायला लागले की मी जे बोलते ते बरं नसतं. मी म्हटलं, "हुक लावणाऱ्या बाईनं कटिंगला हात घालू नये!"

पस्तीस वर्षांत मी तिला असं कधी बोलले नव्हते. तिनं मान खाली घातली. "चुकलं माझं."

तिनं उलट बोलायला हवं होतं. मला भांडण पाहिजे होतं, आणि ती कबुली देत होती. माझा पारा आणखी चढला.

"चुकलं म्हणून भागत न्हाय! हे बघ, ह्या बोटाला कात्री पार शिरंपातूर गेली. जरा पुढं गेली असती म्हंजे? मुका जीव. सांगणार कुणाला? आणि हे काय, हे तर दोनदा कापलंय. पहिल्यांदा चुकलं म्हणून परत! अशा हातात कात्री द्यायची म्हंजे पाप हाय."

"बरं बाई."

"बरं न्हाय! ज्या हातानं ही नखं कापली, त्या हातात पुन्हा जन्मात कात्री येऊ देणार न्हाय मी. मग तो हात कुणाचा का असंना!"

"बरं म्हटलं की. आता च्या पी."

"नुसतं बरं म्हणून उपयोग न्हाय. मी शपथच घेते." मी भिंतीवरच्या अंबाबाईच्या फोटोकडं हात लांब केला.

इतका वेळ सगळं ऐकून घेणाऱ्या रेहानानं बाबूला डाव्या हातात तसाच सैल धरून उजव्या हातानं माझं मनगट पकडलं.

"शपथ घेऊ नगंस आक्का, तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तूच कापलेली नखं हाईत ही."