डाव्या कोपऱ्यासाठी संप

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात चिंध्या जशा आपोआप एका बाजूला जमतात, तसे ते जमत जातात. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी कबड्डीच्या मॅचला माईकवर बोलतो, त्यामुळे माझा ढीग जरा मोठाच. त्यात आमच्या अंबरनाथच्या टीमचा गेला सीझन! निम्मा खेळला गेला, निम्मा खेळाडूंच्या संपात गेला. लोक अजून विचारतात, "कबड्डीवाले संप करतात म्हणजे नेमकं काय करतात हो?"

मलाही तेच कुतूहल होतं.

आधी भांडण सांगतो. आमची लीग छोटी, पण प्रोफेशनल. खेळाडूंना मानधन, जर्सी, विमा, सगळं. टीमचे मालक गोपसेठ, कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्सचा कारखाना. सीझनच्या तोंडावर सरावात दिगंबरचा गुडघा गेला. दिगंबर म्हणजे आमच्या बचावफळीतला डावा कोपरा. त्याने घोटा धरला की चढाई करणारा तिथेच संपला! डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. विमा फक्त टीममधल्या खेळाडूंना. आणि सेठने त्या दिवशी मॅट न टाकता सिमेंटवरच सराव घ्यायला लावला होता, हे विम्याच्या चौकशीत लीगला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "टीम अनाउन्स किधर हुई थी? दिगंबर टीम में हैच नहीं!"

आदल्या सीझनला त्यालाच खांद्यावर घेऊन नाचले होते हे सेठ. मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला.

*

पोरांनी आधी सौम्य मार्ग धरला. बदलापूरच्या टीमशी मॅच होती, तिला सगळे दंडाला काळ्या फिती लावून उतरले. बदलापूरचा कॅप्टन किरण मोठा सभ्य माणूस. त्याने हळूच आमच्या निल्याला विचारलं, "कोण गेलं रे?"

निल्याला लांबण लावायचा कंटाळा. तो म्हणाला, "दिगंबरचा गुडघा."

किरणने मान डोलावली, आपल्या पोरांना एका रांगेत उभं केलं आणि आख्ख्या टीमने गुडघ्यासाठी मौन पाळलं! मीही माईक बंद केला.

*

फितींनी सेठ हलले नाहीत, तेव्हा संप ठरला. पण करायचा कसा? कुणालाच माहीत नाही! मग आमचा कॅप्टन संदेश आपल्या वडिलांना घेऊन आला. भाऊ मोरिवलीचे. गावाशेजारच्याच एका कंपनीत आयुष्य गेलं आणि तिथले सगळे संप त्यांनी बघितलेले. आल्या आल्या विचारलं, "मांडव कुठं हाय?"

"मांडव कशाला, भाऊ?"

"उन्हात बसून संप करतात काय रं? मालक पण हसंल!"

लग्नसराई होती. डेकोरेटरकडे एकच मांडव मोकळा होता, तोही कमानीसकट. मैदानाच्या कडेला 'शुभविवाह' लिहिलेल्या कमानीखाली आमचे बारा आडदांड गडी मांडी घालून बसले. संध्याकाळपर्यंत दोन काकू डबा भरून लाडू देऊन गेल्या. एकीने दिगंबरच्या पायाचा पट्टा बघून विचारलंच, "नवरदेव हाच का?"

*

संपात सर्वांत कठीण काय असतं? उपाशी राहणं? छे, न खेळणं! पोरांचे पाय शिवशिवायचे. भाऊंची ताकीद होती, संपात सराव केला म्हणजे कामावर हजर झालात. एका दुपारी भाऊ चहा पिऊन परतले तर मांडवात चटईवर चढाई रंगलेली. कुणाच्या तोंडून आवाज नाही, फक्त पायांची धडपड.

"हे काय चाललंय?"

सगळे जागच्या जागी गोठले. संदेश म्हणाला, "भाऊ, कबड्डी बोलत नाही आहोत. मनातल्या मनात."

भाऊंनी बराच विचार केला. "मनातल्या मनात चालंल," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बघत बसले.

*

गोपसेठ माणूस कसा आहे हे मला अजून कळलेलं नाही. दिगंबरला टीममध्ये मानायला तयार नाहीत, पण रविवारी सकाळी मांडवात गरमागरम दाल-पकवानचं पातेलं पाठवलं! "बच्चे भूखे बैठे होंगे," असा निरोप.

वास असा की पोरांचे डोळे पातेल्यावरून हलेनात. भाऊ कडाडले, "मालकाचं खायचं नाय! संपकऱ्याने हात लावायचा नाय!"

दिगंबर कुबडी टेकत उठला. "भाऊ, मी टीममध्ये नाही ना? मग मी संपकरी पण नाही."

आणि त्याने ताट भरून घेतलं. बाकीचे बघत बसले.

*

शेवटी सेठने संप मोडायला बदली टीम उतरवली. कारखान्यातलेच सात जण, शिलाईवाले आणि बटणवाले. जर्सी मात्र काय फिटिंगच्या! पहिल्या मॅचला त्यांचा कटिंग मास्टर चढाईला निघाला तो थेट आमच्या मांडवापाशी येऊन थांबला. "संदेशभाई, अब क्या करने का?"

संदेशला राहवेना. तो ओरडला, "अरे, वाकून जा! डावा पाय पुढे!"

भाऊंनी डोळे वटारले. "संपावर हायस ना तू?"

"हो भाऊ. पण तोंड नाही राहत संपावर!"

*

आता शेवटची मॅच. पुन्हा बदलापूर, समोर आमचे सात शिलाईवाले. संपकरी अंतिम रेषेच्या मागे बसलेले, सर्वांत पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत दिगंबर, पाय स्टुलावर.

किरण चढाईला आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. शिलाईवाले घाबरून दोन्ही बाजूंना सरकले. किरणने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो सरळ चालत अंतिम रेषा ओलांडून बाहेर गेला. नियमाने तिथेच आउट! पण पंच जुने, दिगंबरचं सगळं प्रकरण त्यांना ठाऊक; त्यांची शिट्टी तोंडातच राहिली. दम न सोडता किरण खुर्चीपाशी गेला, दिगंबरच्या खांद्याला हात लावला, वळला आणि तोच दम धरून मध्यरेषेपलीकडे परतला.

पंचांनी किरणकडे बघितलं, दिगंबरकडे बघितलं आणि बदलापूरच्या बाजूला बोट वर केलं. "एक गुण. दिगंबर आउट!"

दिगंबरने शिस्तीत हात वर केला.

गोपसेठने संप सोसला होता. पण फुकटचा गुण गेलेला त्यांना सोसत नाही! ते धावत आले आणि माझ्या हातातला माईक हिसकावून गरजले, "अरे साईं, शरम है की नहीं? लडके का घुटना गया है, और तुम उसको हाथ लगाके पॉइंट लेते हो?"

पंचांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या टीमचा मुलगा, सेठ?"

"कोणत्या म्हणजे? हमारी टीम का! हमारा लेफ्ट कॉर्नर है वो!"

त्या दिवशी माझ्या माईकचे भोंगे पार बुवापाड्याच्या नाक्यापर्यंत लावले होते.