बासष्ट नंबरची गाडी

हॉइट लेडबेटर उभ्या आयुष्यात मोटारींच्या सात शर्यती धावला. सहावीत रूफस बार्गरनं त्याला मागून ठोकर मारून भिंतीवर घातलं. तीन बरगड्या मोडल्या, पुढचे दात गेले, आणि वर तो हलकट दात काढत म्हणाला, "सूतगिरणी सोडून इथं कशाला कडमडलास रे?"

कॅरोलायनातल्या तांबड्या मातीवर खाल्लेली ठोकर परत करावीच लागते. नाही केली, तर पुढच्या रविवारी शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला ढकलून पुढं जातं. हॉइट नोकरीवर लाथ मारून आलेला. आता भ्याला असता तर संपलाच होता.

"उट्टं काढा दाजी," मेहुणा गार्लंड म्हणाला. तोही शर्यतीत होता. "पण जिवानिशी मारू नका त्याला."

"माझ्या भावाला यात ओढू नकोस," व्हर्लीननं नवऱ्याला बजावलं.

सातवी शर्यत भर ऑगस्टमधली. तिसाव्या फेरीत गार्लंडची गाडी धूर ओकत बंद पडली. हॉइटनं पाहिलं, पण थांबतोय कसला! त्याला फक्त रूफसची बासष्ट नंबरची गाडी हवी होती. धुळीत माणूस दिसत नव्हता. नंबर तेवढा दिसायचा.

साठाव्या फेरीत तो सापडला. हॉइटनं वळणावर सगळा जोर लावून त्याच्या मागच्या चाकावर गाडी घातली. बासष्ट तीनदा उलटली आणि कुंपणाच्या खांबावर आदळली. तेवढ्यानं याचं पोट भरेना. पाना घेऊन धावला, खिडकीतून हात घातला आणि आतल्या डोक्यावर दणका हाणला.

"दाजी... मी आहे."

उन्हानं भोवळ येऊन रूफस मघाशीच बाहेर पडला होता. ज्याची गाडी बंद पडते, तो अशा वेळी दुसऱ्याच्या गाडीत चालवायला बसतो. तिथं वैर आड येत नाही. हॉइट स्वतः दोनदा असा बसला होता. रागाच्या भरात नेमकं तेच विसरला, करंटा!

डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला रूफस धावत आला. दोघांनी मिळून गार्लंडला ओढून काढलं. पाना अजून हॉइटच्या मुठीतच होता.

बुधवारी गार्लंड गेला. शवपेटीला खांदा द्यायला सहा जण लागत होते, पाचच होते. हॉइट पुढं झाला.

"तू नाही," व्हर्लीन म्हणाली, आणि तिनं रूफसला हाक मारली.