हिरव्या शाईची सही

जनावर न बघता सुई टोचणारा आणि मूळ कागद न वाचता सही करणारा, या दोघांना एकाच खोड्यात उभं करावं, असं ठाम मत असलेला माणूस जगात एकच झाला आणि तो आमच्या गोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यात बसत असे. त्या काळी अर्जाला झेरॉक्स जोडायच्या तर प्रत्येक प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली सही आणि शिक्का लागायचा, आणि आमच्या भागात असा अधिकारी म्हणजे हे डॉक्टर. दुसरे साहेब गप्पा मारता मारता गठ्ठाभर सह्या ठोकत. आमचे डॉक्टर मूळ कागद मागत, चष्मा पुसत आणि वरच्या बोधचिन्हापासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत सगळं मोठ्यानं वाचत. त्यामुळे बाहेर म्हशी घेऊन बसलेल्या मंडळींना गावातल्या प्रत्येकाचे गणिताचे मार्क तोंडपाठ होते. एकदा त्यांनी एका मास्तरांच्या गुणपत्रिकेतली बेरीज दोन गुणांनी चुकलेली पकडली. मास्तर त्याच कागदावर अकरा वर्षं नोकरी करत होते. त्यानंतर ते आपली म्हैस सेनगावला नेऊ लागले.

बारावीनंतर मी वडिलांबरोबर तांड्यावरून चालत त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझं रसायनशास्त्र साऱ्या म्हशींना ऐकवलं आणि मग अर्ज वाचला. "ऑक्युपेशनल थेरपी म्हंजे काय?" मी खरं ते सांगितलं: कुणीतरी म्हणालं होतं की प्रवेश मिळेल, म्हणून फॉर्म आणला होता. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "तुलाच ठावं न्हाई, तर मी कशाची सही करू? माहीत करून ये." वडील रस्ताभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. मी माहितीपुस्तक दोनदा वाचून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि सांगितलं की दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपल्या हातानं जेवता यावं, अंघोळ करता यावी, कामाला लागता यावं, ते शिकवायचं. डॉक्टरांनी खिडकीबाहेरच्या बैलाकडे बघितलं. "म्हंजे बैल निस्ता बरा होऊन भागत न्हाई, तो औताला चालला पाह्यजे. बराबर." आणि त्यांनी सह्या केल्या. पुढं मी या विषयाच्या बऱ्याच व्याख्या पाठ केल्या, पण एवढी नेमकी एकही मिळाली नाही.

पदवी झाली आणि मी पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज आणला. तोवर हिंगोली वेगळा जिल्हा झाला होता, आणि शिक्क्यावरचं 'परभणी' डॉक्टरांनी ब्लेडनं खरवडून टाकलं होतं, कारण खोट्या जिल्ह्याखाली ते सही करणार नव्हते. अकरा प्रती होत्या. शनिवारी दुपारी हिंगोलीच्या पोस्टात पडल्या नाहीत, तर वर्ष गेलं. मी गुरुवारी गेले. डॉक्टरांनी कागदांना हातही लावला नाही, म्हणाले, "उद्या ये." शुक्रवारी म्हणाले, "शिक्का सापडून न्हाई राहिला." शिक्का त्यांच्या समोरच होता. गावात लोक म्हणत होते की निवृत्ती जवळ आली तसा साहेबाला माज चढला. मलाही रागच आला होता. शनिवारी सकाळी मी कागद घेऊन त्यांच्या टेबलासमोर बसूनच राहिले. बसल्या बसल्या उघड्या औषध-नोंदवहीकडे लक्ष गेलं. वरच्या ओळीतली सही ठसठशीत होती. खाली खाली ती बारीक होत गेली होती आणि शेवटची तर मुंगीएवढी. त्यांचा उजवा अंगठा बोटावर सारखा घासत होता. ही कंपवाताची लक्षणं होती; मला ती आदल्याच वर्षी शिकवलेली होती.

"साहेब, कधीपासून?" मी विचारलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "हापिसात कोणाला बोलू नको, पोरी. पगाराच्या कागदावरची सही दोनदा वापस आली. माझ्या असल्या सहीनं तुझा अर्ज वापस आला, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" दोन दिवस मी ज्याला माज समजत होते, तो हा होता. माझी मलाच लाज वाटली.

मी पेन्सिल आणि पट्टी मागितली. एका कोऱ्या कागदावर बोटभर अंतरानं दोन रेषा ओढल्या आणि म्हटलं, "वरच्या रेषेला टेकवायचं आणि खालच्या रेषेला टेकवायचं." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मला पहिलीत बसवून राहिली का तू?" पण हात टेबलावर नीट टेकवला आणि लिहिलं. सही हळू आली, वाकडी आली, पण पुरी आली, त्यांच्या जुन्या सहीएवढी. ती त्यांनी खिडकीजवळ नेऊन पाहिली. मला वाटलं, आता पटापट सह्या होतील. पण ते परत येऊन बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण, मूळ कागद आण." अकराच्या अकरा कागद त्यांनी मोठ्यानं वाचले आणि प्रत्येक प्रतीवर मी ओढलेल्या रेषांमध्ये सही केली. बाहेर हिंगोलीला निघालेला जीपवाला हॉर्न वाजवत होता. "त्याला म्हणावं थांब," डॉक्टर म्हणाले, "त्याची गाय मी बघितली व्हती." जीप थांबली. रेषा खोडायला वेळच नव्हता. अर्ज तसाच गेला आणि मला प्रवेश मिळाला.

निवृत्तीनंतर ते आखाडा बाळापूरला राहायला गेले. दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं, हिरव्या शाईत, स्वतः ओढलेल्या पेन्सिलीच्या रेषांमध्ये. दरवर्षी रेषांमधलं अंतर थोडं थोडं वाढत गेलं आणि शब्द कमी होत गेले. मी दरवेळी लिहायची, की या सुट्टीत येते, हात बघते. शेकडो परक्या माणसांचे हात बघायला मला वेळ मिळाला, बाळापूरला जायला मिळाला नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटचं पत्र आलं ते पोस्टकार्ड होतं. अख्ख्या कार्डावर दोनच रेषा होत्या आणि त्यांच्यामध्ये एवढंच होतं: "बैल औताला चालून राहिला." खाली सही होती. ती मी वाचली, मोठ्यानं, पार पोस्टाच्या शिक्क्यापर्यंत.