वीरभद्रप्पांचे आठ घोडे

आमच्या शेजारच्या वीरभद्रप्पांकडे बघितलं की त्यांचं नाव ठेवणाऱ्या माणसाची मला कीव येते. वजन सत्तेचाळीस किलो, तेही खिशात पाना असला तर. आवाज असा, की दारात उभं राहून हाक मारली तरी आतल्याला वाटावं, रेडिओ बारीक चालू राहिलाय. एकतीस वर्षं नवी पेठेतल्या एका दुकानात गादीवर बसून त्यांनी साड्या उलगडल्या आणि परत घड्या घातल्या. एखादी बाई शंभर साड्या बघून नुसतीच उठून गेली तरी अप्पांच्या कपाळावर आठी नाही. सगळा ढीग पुन्हा होता तसा कपाटात. शेवटी उलगडलेली आधी, पहिली उलगडलेली शेवटी.

असा हा पांढऱ्या गादीवरचा माणूस निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत काळा झाला. ऑइलनं. निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी पहाटे बागेत जाऊन ठरवून हसतं. अप्पांनी जुने ट्रॅक्टर धरले. मोठे नव्हेत. लिंबाच्या, डाळिंबाच्या ओळींमधून फिरणारे बागेतले ट्रॅक्टर, जेमतेम म्हशीएवढे. नवे कोरे मिळतात की आता दुकानात, पण त्यांच्याकडे अप्पा ढुंकून बघत नाहीत. ज्याची कंपनी बुडालीय, ज्याचा एकही पार्ट मिळत नाही, ज्याच्या सीटवर मालकानं कोंबडी बसवलीय, असला ट्रॅक्टर दिसला की यांचे डोळे लकाकतात.

पहिला ट्रॅक्टर त्यांनी मंद्रूपला पुतण्याच्या बागेसाठी जुळवला. पुतण्या मंजुनाथनं आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच नारळ फोडला. कौतुकानं आम्ही कॉलनीतले पाच जण गेलो होतो. अप्पांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि ट्रॅक्टर मागं निघाला. दुसरा टाकला, जरा जोरात मागं निघाला. तिसऱ्याला तर बांगडीवाल्याच्या पालापर्यंत गेला. पुढं जायला एकच गिअर होता, तोही रिव्हर्सचा! गिअरच्या पेटीतलं मोठं दातेरी चाक उलट्या बाजूनं बसलं होतं. पण अप्पा काही खाली उतरले नाहीत. मान वळवली आणि बाजारातून बागेपर्यंत दीड किलोमीटर ट्रॅक्टर उलटा चालवत नेला, देवळापुढून जाताना एका हातानं नमस्कारही केला. नंतर ते चाक फिरवून बसवलं. गेली चार वर्षं तो ट्रॅक्टर मंजुनाथच्या लिंबात बिनतक्रार राबतोय. पण चार वर्षांचं राबणं कोण लक्षात ठेवतंय? कॉलनीला तो दीड किलोमीटरच आठवतो. तो कुणी विसरू नये म्हणून मीही थोडी मेहनत घेतली, हे कबूल करतो.

दुसरा ट्रॅक्टर आठ घोड्यांच्या ताकदीचा. अक्कलकोट रोडला एक बंद पडलेली रोपवाटिका होती, तिथं तो घाणेरीत रुतला होता. टेम्पोत घालून आणला आणि सोसायटीच्या बोअरशेजारी पत्र्याखाली ठेवला. जागा सगळ्यांची. चौदा महिने झाले तरी तो तिथंच. आमचे अध्यक्ष नंदीश, वय पंचेचाळीस, यांना सगळं सरळ रेषेत लागतं. कुणाची चप्पल दारात तिरकी दिसली तरी पायानं सरळ करून जातील. ते रोज त्या ट्रॅक्टरपुढून जायचे आणि रोज म्हणायचे, "अप्पा, भंगार कवा हलवताय?"

"भंगार न्हाय ते," अप्पा म्हणायचे. ते अप्पांनाच ऐकू यायचं.

मग मैदानाचा विषय निघाला. कॉलनीच्या मागं रिकामी जागा आहे, तिथं झाडं लावायची ठरली. जमीन काळी, पण वर्षानुवर्षं क्रिकेटनं आणि गाड्यांनी दाबून फरशीसारखी झालेली. नांगरायला बोलावलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं मैदानाकडं जायचा बोळ बघितला, हसला आणि परत गेला. नकाशात तो बोळ सहा फुटांचा आहे. प्रत्यक्षात चार फूट आणि वर दोन बोटं. दोन्हीकडच्या भिंती जरा जरा आत सरकल्यात. त्यातली एक भिंत माझी असल्यामुळं या विषयात मी फार शिरत नाही.

सोसायटीच्या बैठकीत सगळे डोकं खाजवत बसले होते. कोपऱ्यातून अप्पांचा आवाज आला. तीनदा आला, तेव्हा कुठं नंदीशना कळलं.

"मी नांगरून देतो की."

"कशानं, अप्पा?"

"आठ घोडे हायत की आपल्याकडं."

"कधी चालू झालाय का तो?"

"होतो. दोन मिनिटं खोकतो, मग बसतो."

"पण अप्पा," मी मागून म्हणालो, "पुढं जातोय न्हवं?"

सगळी बैठक हसली. अप्पाही हसले, पण कान लाल झाले. नंदीश हसता हसता थांबले आणि वहीवर पेन टेकवून म्हणाले, "बरं, असं करू. रविवारी सकाळी नऊला चालू करा. मैदान नांगरून झालं, तर तुमचा ट्रॅक्टर पत्र्याखाली कायमचा ऱ्हाऊ दे, मी कधी शब्द काढणार न्हाय. न्हाय झालं, तर भंगारवाल्याला मी नऊलाच बोलावून ठेवतो. तो उचलून नेईल. मंजूर?"

अप्पांनी एकदा बायकांच्या रांगेकडं बघितलं. तिथं त्यांच्या सौभाग्यवती, सिद्धेश्वरीवहिनी, मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या.

"मंजूर," अप्पा म्हणाले. हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज येत होता. कान लावायची गरज नव्हती, पण मी लावला. "चौदा महिने माझी चादर अडकवून ठेवलीय त्या लोखंडापायी! आणि आता पैज लावून आलात? न्हाय चाललं तर सीटखालचा स्क्रूसुद्धा उरणार न्हाय. मग काय करणार दिवसभर? माझ्या डोक्यावर बसणार?"

पलीकडून पान्याची खुटखुट सुरू झाली.

त्या चादरीचं सांगायला हवं. अप्पांची कामाची रीत दुकानातलीच. इंजिन खोललं की एकेक नट, वायसर, स्प्रिंग काढायची आणि मोरांच्या नक्षीच्या सोलापुरी चादरीवर ठरल्या जागी ठेवायची. कार्बोरेटर पहिल्या मोरावर, मॅग्नेटो दुसऱ्यावर, व्हॉल्व्ह तिसऱ्यावर. काढलेलं कुठलं, ठेवलेलं कुठं, हे चादरच सांगणार. शेवटी काढलेलं आधी बसवायचं, साड्यांच्या ढिगासारखं. मागच्या खोलीत ती चादर अशी भरलेली पसरून असायची आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या खोलीकडं. वहिनी भाकरी थापता थापता चौदा महिने त्या चादरीकडं बघून बोटं मोडत होत्या.

गुरुवारी, म्हणजे रविवारला तीन दिवस उरलेले असताना, अप्पांची थोरली बहीण चंद्रिकाअक्का अक्कलकोटाकडच्या गावाहून आली. वय सत्तर, कंबर ताठ, आणि कुणाच्या घरात पसारा दिसला की हात शिवशिवतात. अप्पा पिस्टनच्या रिंगा आणायला बाजारात, वहिनी दळणाला. अक्कांनी मागची खोली उघडली.

"अय्यो शिवा! एनिदु? काय हे?" असं त्या ओरडल्या, ते मी माझ्या गच्चीवरून ऐकलं. मी कपडे वाळत घालत होतो. आमच्या घरी कपडे मी वाळत घालत नाही, पण त्या दिवशी घातले.

तासाभरानं अप्पा परतले. दोरीवर मोरांची चादर, धुऊन पिळून टांगलेली, टपटप गळतेय. खाली बादली. बादलीत एकशे अडतीस पार्ट, सगळे एकत्र, चांदीसारखे लखलखत.

"राखेनं घासले बघ," अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "चांगली चादर नासवत होतास, वीरू. बायको काही बोलत न्हाय म्हणून लई शेफारलास."

अप्पा पायरीवर बसले. बादलीत हात घातला, मूठभर नट वर काढले आणि परत सोडले. त्यांचं तोंड बघून मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा सुचली नाही. मी गच्चीवरून गुपचूप खाली यायला लागलो, तेवढ्यात वहिनी दळण घेऊन आल्या. त्यांनी चादर बघितली, बादली बघितली, नवऱ्याकडं बघितलं. पिठाचा डबा अक्कांच्या हातात दिला आणि ओली चादर दोरीवरून ओढून मागच्या खोलीत पसरली.

"उठा," त्या म्हणाल्या. "बादली आणा इकडं."

"काय उपयोग, सिद्धा?"

"आणा म्हणते की!"

मग काय सांगू! मी सरळ त्यांच्या अंगणात, मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, बोलावणं कशाला पाहिजे? वहिनी एकेक पार्ट उचलत होत्या आणि ठेवत होत्या. "हा मोराच्या चोचीत. हा तुऱ्यापाशी. ह्या दोन स्प्रिंगा जुळ्या, पण वाकडी ती डाव्या पायाशी. ह्या नटावर तुमी एकदा चहाचा कप ठेवला होता, मी शिव्या घातल्या होत्या, तो काठाला." अप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. चौदा महिने बाई नुसती बोटं मोडत नव्हती, पाठ करत होती.

शेवटी हातात एक तांबडी फायबरची चकती राहिली, आठ आण्याएवढी. अप्पा म्हणाले, "ती चौथ्या मोरावर. पेट्रोलच्या नळाखालची."

"न्हाय."

"अगं, मीच ठेवली तिथं."

"नंतर ठेवली. मागच्या श्रावणात तुमी पहिल्यांदा खोललं, तेव्हा ती पहिल्या मोराच्या पोटात होती, त्या सुईच्या खाली. दुसऱ्यांदा खोललं तेव्हा चष्मा देवघरात राहिला होता. तेव्हापासून चौथ्यावर गेली."

 अप्पांनी हळूच चकती हातात घेतली, कार्बोरेटरची सुई घेतली, चकती तिच्या बैठकीखाली बसवून बघितली. चपखल.

"म्हणूनच," ते म्हणाले. "म्हणूनच पेट्रोल जास्त येत होतं. गुदमरत होता बिचारा. दोन मिनिटांत."

"मला विचारलं असतं तर मागच्या दिवाळीलाच सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या आणि भाकरीला गेल्या. अक्का दारात पिठाचा डबा घेऊन तशाच उभ्या. मला म्हणाल्या, "तू कोण? तुला घर न्हाय?"

शनिवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला. इंजिनच्या सांध्यातलं गॅस्केट अप्पांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं होतं. ते चिकटवलेलं रात्रभर वाळायला हवं होतं, म्हणून चालू करून बघायची सोय नव्हती. जे काय व्हायचं ते सगळ्यांसमोर.

रविवारी पावणेनऊलाच भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकात. नंदीश इस्त्रीच्या शर्टात, मनगटावर घड्याळ. मैदानाला शुक्रवारी टँकरनं पाणी दिलं होतं, माती आता नेमकी वाफशावर आली होती, चिखलही नाही आणि दगडही नाही. आख्खी कॉलनी जमली. अप्पांनी चाकावर दोरी गुंडाळली आणि ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली. फुस्स. भंगारवाल्यानं टेम्पोचं मागचं फळकूट खाली पाडलं.

तिसऱ्यांदा अप्पांनी दोरी दोन्ही हातांनी धरली, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस किलो मागं टाकले, आणि ट्रॅक्टर असा गरजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

नंदीशनी घड्याळ वर केलं. एक मिनिट. दोन मिनिटं. फक्त इंजिन बोलतंय. आता खोकेल, मग खोकेल. तिसरं मिनिट. वहिनींनी पदर दातात धरला होता. चौथं मिनिट गेलं, पाचवं गेलं, आणि अप्पा सीटवर चढले, गिअर टाकला आणि ट्रॅक्टर पुढं निघाला. पुढं! मीच पहिली टाळी वाजवली, कुणी काहीही म्हणो.

बोळात दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा राहिली. मैदानात शिरल्यावर अप्पांनी मागचे तीन फण खाली सोडले. पहिल्या ओळीला वरचा थर तडकला, दुसऱ्याला उघडला, तिसऱ्या ओळीला काळी माती अशी उलटत गेली की क्रिकेटवाल्या पोरांनीही खेळपट्टीचं दुःख सोडलं. अप्पा ओळीला ओळ लावत होते, साडीच्या निऱ्यांसारखी. नंदीश कडेला उभे राहून ती रांग डोळ्यांनी मापत होते. "सरळ हाय की," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

आडवं झालं, उभं झालं. साडेअकराला शेवटची ओळ संपली. अप्पांनी फण उचलले, ट्रॅक्टर बोळाकडं वळवला, आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

"बंद पडला!" नंदीश धावत आले. "अप्पा, काय झालं?"

अप्पांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. "पेट्रोल संपलं."

"मग आता?"

"मैदान झालं न्हवं?"

"झालं की."

"मग पत्र्याखाली न्यायला पायजे. ढकला की, अध्यक्ष."

"मी?"

"मी उतरलो तर स्टेअरिंग कोण धरणार?"

हे खरं होतं. त्यामुळं अप्पा सीटवर बसून राहिले, नवरदेवासारखे ताठ. नंदीशनी इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या, भंगारवाल्यानं एक चाक धरलं, दुसरं मी धरलं, क्रिकेटवाली पोरं मागं लागली. अक्का पुढं चालत होत्या आणि कन्नडमधून हुकूम सोडत होत्या. नांगरलेल्या मातीतून नंदीशचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. "जोर लावा, साहेब," भंगारवाला म्हणत होता, "लई जड माल हाय."

बोळ पार झाला, बोअर आली, ट्रॅक्टर पत्र्याखाली गेला. जागा किंचित उताराची आहे. नंदीशनी इकडंतिकडं बघितलं, कुंपणापाशी पडलेली एक वीट उचलून आणली, मागच्या चाकाखाली लावली, आणि हलत तर नाही ना, म्हणून दोनदा बुटानं दाबून बघितली.